शनिवारचे दोन पाय, सोमवारचे दोन

"लाकडाच्या अंगाला ठोकळा असा चिकटव की मधून कागदही जायचा नाही. पहिली रेघ हलकी मार. खिळ्याला आधी वाट कळू दे, मग जोर लाव."

टॉर्मडने हे सांगितलं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि मर्डीना दहाची. त्यानंतर तिने गेजला, म्हणजे लाकडावर मापाची रेघ ओढायच्या हत्याराला, कधी हात लावला नव्हता. पण स्टॉर्नोवेच्या बंदरामागच्या हत्यारांच्या दुकानात उभी असताना भावाचा तो आवाज तिला जसाच्या तसा आठवला. मे महिन्यापासून तो आवाज घरात फारसा ऐकूच येत नव्हता.

"काय देऊ, मर्डीनाबाई? बादली की झाडू?" दुकानदार बोसनने विचारलं. त्याचे वडील मालवाहू बोटीवर बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. हा स्वतः फेरीबोटीपलीकडे कधी समुद्रावर गेला नाही, पण नाव मात्र वारशाने मिळालं.

"करवत."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

बोसनने चष्मा कपाळावर चढवला. टॉर्मडला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि तिसऱ्याच आठवड्यात त्याने पेटीभर हत्यारं शहरातल्या तंत्रशाळेला देऊन टाकली, हे लुईस बेटावर सगळ्यांना माहीत होतं.

"एकही ठेवलं नाही म्हणे?"

"ठेवलं असतं तर मी इथे कशाला आले असते?"

त्याने चार करवती काढून गल्ल्यावर मांडल्या. मोठी, सव्वीस इंची, तिच्या हातात दिली. "टॉर्मडकडे अशीच होती." मर्डीनाने ती समोर धरली तसं पात्याचं टोक थरथरू लागलं.

"टॉर्मडचा हात माझ्याहून वीतभर लांब आहे," असं म्हणून तिने ती खाली ठेवली.

शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेल्या बाईला सुतारकाम येत नसेल, पण मूठ कळते. तिने एकेक मूठ धरून पाहिली. तीन बोटं आत, पहिलं बोट पात्याच्या दिशेने सरळ. बावीस इंचीची मूठ हातात बसली. मग तिने पातं डोळ्यांशी नेऊन दातांची ओळ पाहिली. कुठे वाक नव्हता.

"हिचे दात उभं चिरायला," बोसन म्हणाला. "कुसू कापायला ही बारीक दातांची घ्या, पाठीला पितळी पट्टीवाली. एकीतच दोन्ही कामं होतात असं सांगणारे भेटतील, पण मग दोन्ही अर्धवट."

तिने दोन्ही घेतल्या. एक पटाशी, एक रंधा, काटकोन पाहायचा गुण्या, पट्टी, हातोडी, हातड्रिल आणि लाकूड आवळायचे शिकंजेही घेतले. मग त्याने गेजचा खण उघडला. लाकडी दांडा, त्याच्यावर सरकणारा ठोकळा, ठोकळ्याला स्क्रू, दांड्याच्या टोकाला टोकदार खिळा. काही गेजांना खिळ्याऐवजी पोलादी चकती होती.

"किती देऊ?"

"किती म्हणजे? एक."

बोसनने तोंड उघडलं आणि मिटलं. "तुमची मर्जी," एवढंच म्हणाला.

*

गोष्ट अशी होती. एप्रिलमध्ये टॉर्मडने शेजारच्या डोलीनाला शब्द दिला होता, की सप्टेंबरच्या प्रभुभोजनाआधी तुझ्या मागाची बैठक करून देतो. डोलीना विणकर. दिवसाचे सहा तास ती ट्वीडच्या लोकरी कापडाच्या मागावर पाय चालवते. तिची जुनी बैठक मोडली होती आणि ती मासळीच्या खोक्यावर उशी टाकून बसत होती. टॉर्मडने बीच झाडाच्या फळ्या आणून घराला लागूनच्या कामाच्या खोपीत कापडाखाली झाकून ठेवल्या. मग मे उजाडला.

जूनमध्ये डोलीना स्वतः येऊन म्हणाली, राहू दे रे, स्टॉर्नोवेतून विकत आणते. टॉर्मडने मान डोलावली. ती गेल्यावर मात्र तो बहिणीला म्हणाला, "यंदा मी प्रभुभोजनाच्या टेबलाशी बसणार नाही."

"का?"

"दिलेला शब्द तसाच पडलाय. तो घेऊन भाकरीला हात लावू?"

चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायच्या त्या टेबलाशी तो एकेचाळीस वर्षं बसत आला होता. मर्डीनाने गावात पाहिलं होतं, एकदा टेबलापासून मागे सरकलेला माणूस सहसा परत पुढे येत नाही. आधी एक वर्ष मागच्या बाकावर, मग दाराजवळच्या बाकावर, मग घरी. बाकी हात गेला, बोलणं जड झालं, ते तिने सोसलं होतं. हे सोसवणार नव्हतं.

"बैठक मी केली तर?" तिने विचारलं. "आपल्या घरातून गेली, तुझ्या लाकडाची गेली, तर तुझा शब्द राहील ना?"

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. "करून दाखव," म्हणाला.

"कुठली करवत आणू?"

"दात असलेली."

त्यापुढे तो काही सांगेना. ती रोज पहाटे नेमाने स्तोत्र वाचायची. आता वाचून झालं की एक प्रार्थना वाढली होती. हाताला वळण दे, एवढीच.

*

पहिला आठवडा बरा गेला. खोपीत टॉर्मडचं सुतारकामाचं जड बाक तेवढं उरलं होतं, कारण ते कोणाला उचलता आलं नाही. ती लाकूड बाकाला आवळायची, रेघ मारायची, करवत लावायची. पहिल्या दोन पट्ट्या वाकड्या गेल्या, त्या चुलीत घातल्या. तिसरी सरळ आली. गुण्या लावून पाहिला, चौथीही सरळ. हात भरून यायचे, पण ते दुखणं तिला आवडू लागलं होतं. शनिवारी दुपारपर्यंत आडपट्ट्यांचे सगळे कुसू, म्हणजे खाचेत बसणारी टोकं, कापून झाले आणि चारपैकी दोन पायांतल्या खाचा पाडून झाल्या. कुसू खाचेत गेला तेव्हा अगदी बंद पडणाऱ्या दारासारखा गेला.

शनिवारी संध्याकाळी मर्डीनाच्या घरात काही म्हणजे काही अर्धवट राहत नसे. बटाटे सोलून पाण्यात. रस्सा शिजवून झाकलेला. जाळायच्या पीट-मातीच्या विटा चुलीशेजारी रचलेल्या, बुटांना पॉलिश, दोरीवरचे कपडे आत. रविवारी शब्बाथ, कामाला हात लावायचा नाही, तेवढं फक्त गरम करायचं. त्या दिवशी तिने खोपीही तशीच आवरली. भुसा झाडला, करवतींना तेलाचा बोळा फिरवला, पटाशी पुसली. गेजचा स्क्रू सैल केला, ठोकळा सरकवून टोकाला नेला आणि गेज भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. भांडं घासून पालथं घालावं तसा. दार ओढून घेताना तिला फार समाधान वाटलं.

सोमवारी तिने पट्टीवर सोळा मिलिमीटर मोजले, ठोकळा तिथे आणला, स्क्रू आवळला. शनिवारीही सोळाच होते. उरलेल्या दोन पायांवर रेघा मारल्या, खाचा पाडल्या.

मंगळवारी दुपारी तिने चारही पाय आणि आडपट्ट्या कोरड्याच जोडल्या, फळी वर ठेवली आणि कोपरा दाबला.

टक.

दुसरा कोपरा दाबला. टक.

तिने बैठक बाकाच्या सपाटीवर ठेवून पाहिली. मग जमिनीवर. मग दारातल्या दगडावर. सगळीकडे डुलत होती. पाय लांबीला सारखे होते, तिने दोनदा मोजले. आडपट्टी मात्र एका बाजूला पायाच्या अंगाशी सपाट होती आणि दुसऱ्या बाजूला केसभर बाहेर, त्यामुळे सगळा सांगाडाच पिळला होता. उद्याचा बुधवार एवढाच हाताशी होता. गुरुवारी प्रभुभोजनाच्या सप्ताहातला उपवासाचा दिवस. त्या दिवशी गावात कोणी खिळाही ठोकत नाही, आणि मग रविवारपर्यंत उपासना. ती बाकाशेजारी उलट्या बादलीवर बसली. रडली नाही. नुसती बसली.

दारात सावली आली. मे महिन्यानंतर टॉर्मड पहिल्यांदा खोपीत येत होता.

"अर्धा तास झाला," तो म्हणाला. शब्द डाव्या बाजूने बाहेर पडत होते. "पटाशीचा आवाज का थांबला?"

"तू ऐकत होतास?"

"भिंत आहे का ती? पुठ्ठा आहे."

तो उजवा पाय जरासा ओढत आत आला. बैठकीपाशी वाकला आणि डाव्या हाताचा अंगठा एकेका पायाच्या जोडांवरून फिरवला. चार पाय, चार वेळा.

"हे दोन शनिवारचे," तो म्हणाला. "हे दोन सोमवारचे."

मर्डीना उठून उभी राहिली. "तुला कसं कळलं?"

"शनिवारी गेज आवरून ठेवलास. स्क्रू सैल करून."

"मग? शब्बाथाला पसारा ठेवायचा?"

टॉर्मड हसला. अर्धंच तोंड हललं, पण हसला आणि हसता हसता त्याला बाकाला धरावं लागलं. "अगं बाई! सगळ्या जगातले सुतार चुकतात, पण ही चूक आपल्याच बेटावर होते."

"हसू नकोस. सोमवारी मी परत सोळाच लावले होते."

"तुझे डोळे शनिवारचे सोळा आणि सोमवारचे सोळा एकच वाचतात. लाकूड नाही वाचत." तो बादलीवर बसला. "मी एकोणीस वर्षांचा असताना आईने शनिवारी माझी खोपी आवरली होती. पाद्रीसाहेबांच्या कपाटाचे दरवाजे करत होतो. आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडलो. त्यानंतर मी चार गेज ठेवले. लोक म्हणायचे, टॉर्मडला गेजांची हाव सुटलीय. एका मापाला एक गेज. काम संपेपर्यंत त्याच्या स्क्रूला कोणी हात लावायचा नाही. शब्बाथ असो नाहीतर राजा येवो."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं होतं! दुकानात जायच्या आधी विचारलं होतं!"

"ते करवतीचं विचारलंस."

मर्डीनाने हातातला गुण्या बाकावर जरा जोरातच ठेवला. मग तिलाही हसू आलं, तिने पदरासारखं एप्रन तोंडाला लावलं.

टॉर्मड उरलेल्या लाकडाकडे बघत होता. एकच फळी शिल्लक होती. "यात दोन पाय निघतील. उभी चिरावी लागेल, पूर्ण लांबी. चुकायला जागा नाही." त्याने भिंतीवरची करवत काढली, डाव्या हाताने वजन पाहिलं, दातांवर डोळा धरला. "ही कोणी निवडली?"

"मी."

"बरी आहे."

त्याच्या तोंडून एवढं ऐकायला गावातले शिकाऊ सुतार वर्षभर थांबत.

"बोसन साडेपाचला बंद करतो," असं म्हणून त्याने टोपी घातली. मर्डीना व्हॅनची किल्ली आणायला गेली.

*

बोसनने दोघांना दारातून आत येताना पाहिलं. टॉर्मडच्या हाताकडे त्याने पाहिलं नाही. त्याने नुसता गेजचा खण पूर्ण बाहेर ओढला आणि गल्ल्यावर ठेवला.

"त्या दिवशी मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"मग सांगायचं!" मर्डीना म्हणाली.

"तुम्हाला? शाळेत दुसऱ्यांदा पुडिंग मागितलं म्हणून तुम्ही मला रांगेबाहेर काढलं होतं. अजून छाती होत नाही."

"तिसऱ्यांदा मागितलं होतंस."

टॉर्मडचं लक्ष नव्हतं. तो एकेक गेज उचलत होता. ठोकळ्याची धार अंगठ्याने तपासायचा, दांडा हलवून बघायचा, खुळखुळला की बाजूला. एकाचा स्क्रू प्लास्टिकचा होता, तो त्याने हातातही धरला नाही. चकतीवाला एक त्याने निवडला. "आडव्या रेघेला हा. खिळा आडवा ओढला की तंतू फाडतो, चकती कापते." मग एक खिळ्याचा गेज घेतला आणि खिळा उजेडाकडे धरला. "हा भोथरा आहे, पण चालेल. कानशीने दोन्ही अंगांनी घासून सुरीसारखा करू, जरासा तिरपा. मग तो ठोकळ्याला आपण होऊन लाकडाकडे ओढतो."

"मापाला लावून बघा की," बोसन सहज म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण गेज लावायला दोन हात लागतात. एकाने दांडा धरायचा, एकाने ठोकळा सरकवायचा.

मर्डीनाने पुढे केलेला हात मागे घेतला.

टॉर्मडने ठोकळा डाव्या मुठीत धरला. अंगठ्याने स्क्रू किंचित सैल केला. मग दांड्याचं एक टोक गल्ल्याच्या कडेवर हलकेच आपटलं. टिक. दांडा केसभर सरकला. पट्टीशेजारी धरून पाहिलं. गेज उलटा केला, दुसरं टोक आपटलं. टिक. पुन्हा पाहिलं. अंगठ्याने स्क्रू आवळला आणि गेज बोसनसमोर ठेवला.

बोसनने पट्टी लावली. "सोळा," तो म्हणाला. नंतर त्याने नाक शिंकरलं. दुकानात धूळ फार होती.

"पूर्वीही असंच करायचो," टॉर्मड म्हणाला. "दुसऱ्या हातात चहाचा कप असायचा."

*

बुधवारी सकाळी सातला दोघं खोपीत होती. बाकावर तीन गेज ओळीने ठेवले होते, पट्टीवरून नाही तर शनिवारच्या पायांच्या खाचांवरूनच लावलेले, प्रत्येकाच्या दांड्यावर पेन्सिलीने खूण होती.

चिरण्याचं काम मर्डीनाचं. फळीची पूर्ण लांबी, एक रेघ.

"ढकलतेयस," टॉर्मड म्हणाला. "तिला स्वतःचं वजन आहे. तू फक्त वाट दाखव."

"तूच कर मग."

"मुठीवरचं बोट सरळ ठेव. हं. आता बोलू नकोस, श्वास घे."

फळी पायापाशी दोन होऊन पडली तेव्हा अकरा वाजले होते. तिने रंधा मारला. मग तिने लाकूड दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि टॉर्मडने डाव्या हाताने रेघ मारली. पहिली ओढ इतकी हलकी की काही उमटलंच नाही असं तिला वाटलं. दुसरी ओढ. आता रेघ होती. त्याच्या कपाळावर घाम आला होता. दोन पायांवर सोळा रेघा मारायला त्याला पाऊण तास लागला. मर्डीनाने तो मोजला नाही, पण रस्सा चुलीवर आटला त्यावरून तिला कळलं.

दुपारी डोलीना ताटलीत स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, घेऊन आली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण चार घरं पलीकडून तिने दोघांचे आवाज ऐकले होते.

"टॉर्मड, ऐक," ती दारातूनच म्हणाली. "तुझा शब्द मी तुला परत देते. झालं? जीव नको घालवूस."

"शब्द म्हणजे उसनी साखर आहे का, वाटीने परत करायला?"

"आता माझी कंबर आधी मोडते की तुझा हट्ट, ते बघायचं."

"स्कोन ठेव आणि जा. उजेड अडवतेयस."

डोलीनाने मर्डीनाकडे पाहिलं. "हा बोलायला लागलाय," ती हळूच म्हणाली आणि गेली.

पाचच्या सुमारास शेवटची खाच झाली. जोड कोरडे बसवले. फळी ठेवली. मर्डीनाने कोपरा दाबायच्या आधी डोळे मिटले. काही आवाज आला नाही. दुसरा कोपरा. नाही.

"आता सरस," ती म्हणाली, आणि लगेच थांबली. सरस सुकायला पूर्ण रात्र हवी, सकाळी शिकंजे सोडायला हवेत, आणि सकाळी उपवासाचा दिवस.

"सरस कशाला?" टॉर्मडने खोक्यातून बीचच्या तुकड्याची काडी उचलली. "खुंट्या मारू. कुसवातलं भोक पायातल्या भोकापेक्षा केसभर आत पाडायचं. खुंटी ठोकली की तीच जोड ओढून घेते. आपले आजोबा होडीला काय सरस लावत होते?"

आठ खुंट्या. तिने पटाशीने तासल्या, हातड्रिलने भोकं पाडली, तो प्रत्येक भोकाच्या जागी खिळ्याने आधी ठिपका द्यायचा. शेवटची खुंटी ठोकताना जोडातून बारीकसा करकर आवाज आला आणि आडपट्टी पायाला घट्ट जाऊन भिडली.

बाहेर अजून उजेड होता. मर्डीनाने बैठक पुसली. तिच्या तळहातावर तीन फोड होते, त्यांपैकी एक फुटला होता.

टॉर्मड घरात गेला. पाण्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याने हात-तोंड धुतलं होतं आणि चर्चला जाताना घालायचा कोट चढवला होता. उजवी बाही त्याने कशी चढवली, ते तिने विचारलं नाही.

"व्हॅन काढू?"

"नको."

"जड आहे रे. मी एका बाजूने धरते."

"मर्डीना," तो म्हणाला, "तू दार उघड."

तिने दार उघडलं. त्याने बैठकीच्या चौकटीतून डावा हात घातला आणि ती खांद्यावर घेतली. एकदा डुलला, सावरला. फाटक त्याने कंबरेने ढकललं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दोन्हीकडे मेंढ्या चरत होत्या. डोलीनाचं घर डावीकडे, चौथं. उजवा पाय खडीवर ओढत, मागे न बघता, तो त्या बाजूला वळला.